तीन बादल्या आणि एक उंच गाडी

काल संध्याकाळी बाजारातून परतताना आमच्या वाडीच्या वळणावर भांबुर्ड्याचा वास आला. हे झुडूप दिसायला अगदी सामान्य आहे. कुंपणाच्या कडेला कोणी न लावता उगवते आणि वर्षातले बरेच महिने त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मात्र पौष लागला, पहाटे दव पडू लागले आणि शेतातल्या वालाच्या शेंगा भरत आल्या, की हा उग्र, किंचित कापरासारखा, किंचित ओव्यासारखा वास कुंपण ओलांडून रस्त्यावर येतो. मी गाडी थांबवली आणि हेल्मेटची काच वर केली. साठीला टेकलेला एक गृहस्थ मोटारसायकल उभी करून कुंपण हुंगतो आहे, हे दृश्य कोणी पाहिले नसावे अशी आशा आहे. पाहिले असले तरी हरकत नाही, असे आता वाटते. दोन वर्षांपूर्वी वाटले नसते.

भांबुर्डा आला म्हणजे पोपटीचे दिवस आले. रायगडच्या बाहेर राहणाऱ्यांना पोपटी समजावून सांगावी लागते. भात कापून झाले, की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर आमच्याकडे वाल पेरतात. शेंगा भरल्या की मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, मधून मधून बटाटे, अंडी, ज्यांना चालते त्यांच्यासाठी मसाला लावलेली कोंबडी, वरून ओवा आणि जाडे मीठ. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. तोंडाशी पुन्हा पाला ठासून मडके शेतातच उपडे ठेवायचे आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ करायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि ते चर्र करून उडाले, की पोपटी झाली. मग ती तिथेच पाल्यावर ओतायची आणि बोटे भाजून घेत खायची. घरी डब्यातून आणलेली पोपटी ही पोपटीच नव्हे, असे माझ्या पत्नीचे ठाम मत आहे. माझ्या आयुष्यातला सर्वांत धाडसी हंगाम त्या एका मतामुळे घडला.

माझी पत्नी प्रभा तीस वर्षे आरोग्यसेविका होती. लसींचा डबा पायाशी ठेवून ती स्कूटरवरून अलिबाग तालुक्यातल्या गावोगावी फिरली. मी इथल्या न्यायालयात अनुवादक होतो. दुसऱ्यांच्या जबान्या आणि दुसऱ्यांचे करार एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायचे आणि त्यात स्वतःचा शब्द येऊ द्यायचा नाही, ही माझ्या नोकरीची अट होती. ती माझ्या स्वभावाला इतकी मानवली की कचेरीबाहेरही मी ती पाळत राहिलो. मला दुचाकी येत नव्हती. लहानपणी कोणी शिकवली नाही, तरुणपणी शिकव म्हणायची लाज वाटली आणि लग्नानंतर प्रभाच चालवत असल्यामुळे गरज उरली नाही. रविवारी बाजाराला निघताना ती पुढे आणि मी मागे, मांडीवर पिशवी घेऊन. एकदा कोर्टाच्या फाटकाशी एक शिपाई हसून म्हणाला, "साहेबांना ड्रायव्हर बाकी चांगला मिळाला." प्रभाने स्कूटर न थांबवताच उत्तर दिले, "चांगला आहे म्हणूनच रजा देत नाहीत."

मागे बसण्यात कमीपणा आहे असे मला कधी वाटले नाही. समोरचा रस्ता दिसत नाही हे खरे, पण त्याबदली दोन्ही बाजू निवांत पाहता येतात. पुढच्या माणसाची पाठ वाचता येते. ती किंचित ताठ झाली की समजावे, गाय आडवी आली आहे. तीस वर्षांत मी प्रभाच्या पाठीचा जेवढा अभ्यास केला, तेवढा एखाद्या ग्रंथाचाही केला नसेल.

मग तिचे गुडघे गेले. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि चांगली झाली. सपाटीवर ती पूर्वीसारखी तरातरा चालू लागली. मात्र डॉक्टरांनी तीन गोष्टी कायमच्या बंद केल्या: मांडी घालून बसणे, डोंगर चढणे आणि स्कूटर चालवणे. पहिली गोष्ट तिने हसून सोडली. तिसरी सोडताना स्कूटरची चावी दोन दिवस तिच्या पदराला बांधलेली होती. दुसरी गोष्ट सोडावी लागली आहे हे मात्र पौष येईपर्यंत आमच्या दोघांच्याही ध्यानात आले नाही.

प्रभाचे माहेर बोर्ली पंचतनच्या आत, डोंगराच्या कुशीत आहे. तिचा धाकटा भाऊ सदू तिथे भात आणि वाल पिकवतो. ओढ्यावरच्या साकवापर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथून पुढे दीड-दोन किलोमीटर नुसती गाडीवाट: आधी जांभ्याचा चढ, मग पऱ्ह्या, म्हणजे फक्त पावसाळ्यात वाहणाऱ्या ओहोळाचे कोरडे पात्र, मग शेतांमधल्या बांधाला लागून जाणारी एक चिंचोळी पट्टी. मोटार साकवाशीच थांबते. दरवर्षी पोपटीला आम्ही तिथून चालत जात असू आणि प्रभा नेहमी माझ्या पुढे असे. त्या वर्षी सदूचा फोन आला. ती म्हणाली, "चढ कसा चढू रे?" पलीकडून सदूचा मोठा आवाज मलाही ऐकू आला.

"त्यात काय हाय, बाय? चार जण येतो साकवावर. खुर्चीत बसवून आणतो तुला."

"मी काय पालखीतली देवी हाय? ज्या वाटेनं मी शेणाच्या पाट्या वाहिल्या, त्या वाटेनं चौघांच्या खांद्यावर येऊ? न्हाय यायची."

माहेरच्यांशी बोलताना तिची भाषाही माहेरी जाते. तिने फोन ठेवला. आठवड्याने सदूने कोणाबरोबर तरी स्टीलच्या डब्यातून पोपटी पाठवली. प्रभाने झाकण उघडले, वास घेतला आणि पुन्हा लावले. "तुम्ही खा," एवढेच म्हणाली. पुढच्या वर्षीही डबा आला. तेव्हा तिने झाकणसुद्धा उघडले नाही. ती रडली असती, चिडली असती, तर मला काहीतरी सुचले असते. ती शांतपणे तांदूळ निवडत बसली. तिच्या पाठीकडे पाहताना मला प्रथमच कळेना, पुढे रस्त्यात काय आले आहे.

त्यानंतर उन्हाळ्यात मी निवृत्त झालो आणि मनात एक विचार घेऊन फिरू लागलो. त्या वाटेने मोटार जात नसेल, स्कूटर जात नसेल, पण अशा मोटारसायकली असतात, ज्या डांबरावर कायद्याने चालतात आणि दगडमातीतही अडत नाहीत. पुढचे चाक मोठे, तारांची चाके, इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून पत्रा, अर्धे रस्त्याचे आणि अर्धे मातीचे टायर. हे सारे मी वाचून काढले. वाचणे मला जमते. अडचण अशी होती, की ती गाडी विकत घेण्यासाठी दुकानात शिरून माणसांशी बोलावे लागते.

गणपतींनंतरच्या पंधरवड्यात मी अलिबागच्या एका शोरूमसमोर तीनदा गेलो. काचेपलीकडे ती उंच गाडी दिसे. तिच्याशेजारी पोरसवदा विक्रेते उभे असत आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून ते काय विचारतील याची उत्तरे मी मनात तयार करत असे. तेवढ्यात आतला कोणी बाहेर पाही आणि मी झटकन शेजारच्या प्लास्टिकच्या दुकानात वळे. दुकानात शिरल्यावर काहीच न घेता निघणे मला कधी जमलेले नाही. पहिल्या दिवशी मी निळी बादली घेतली, दुसऱ्या दिवशी हिरवी. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने मला पाहताच लाल बादली खाली काढली.

तिसरी बादली न्हाणीघरात ठेवत असताना प्रभा दाराशी येऊन उभी राहिली.

"अहो, पाणी कुठे गळतंय का?"

"नाही."

"मग शोरूममध्ये शिरायला अजून किती बादल्या लागणार आहेत?"

तिला कसे कळले, हे मी विचारले नाही. अलिबागमध्ये तीस वर्षे लोकांना सुया टोचलेल्या बाईला काय कळत नाही? मी गाडीबद्दल सांगितले, पण तिच्या माहेरच्या वाटेबद्दल एक अक्षर बोललो नाही. निवृत्तीनंतर निसर्गात भटकावेसे वाटते, असे काहीतरी म्हणालो. "भटका की," ती म्हणाली, "पण आधी शिका." दुसऱ्या दिवशी तीच मला नझीरभाईंकडे घेऊन गेली. नझीरभाई तिची स्कूटर वीस वर्षे दुरुस्त करत आले होते. त्यांनी एक जुनी, गिअरची गाडी शिकण्यापुरती दिली.

तो आश्विन माझ्या आयुष्यातला सर्वांत अवघडलेला आणि आता मागे वळून पाहताना सर्वांत लख्ख महिना वाटतो. पाऊस ओसरला होता. आमच्या वाडीमागच्या मोकळ्या माळावर गवताला सोनेरी छटा येऊ लागली होती. भातशेतांत कणसे वाकली होती आणि सकाळच्या उन्हात त्यांचा कोवळा, दुधाळ वास येई. माळाच्या कडेला प्रभा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसे, डोक्यावर छत्री आणि मांडीवर निवडायची भाजी. मी गाडी सुरू करी, पुढे जाई आणि बंद पाडी. पुन्हा सुरू करी. शिकाऊ परवान्याचे लाल अक्षर पुढे-मागे लावलेले, तरीही माळावरून जाणारे गुराखी थांबून पाहत. घाम डोळ्यांत उतरे. प्रभाचा आवाज येई, "अहो, क्लच सोडायचाय, प्राण नाही! हळू सोडा, हळू!"

एकदा उभ्या उभ्याच पडलो. गाडी हललीही नव्हती. डावा पाय टेकायला गेलो तो नेमका खळग्यावर, आणि गाडी एखाद्या झोपाळलेल्या म्हशीसारखी सावकाश कलंडली. मला लागले नाही. पण मी उठलो नाही. गवतात तसाच पडून आकाशाकडे पाहत राहिलो, कारण उठल्यावर लोकांचे चेहरे पाहावे लागले असते. प्रभा खुर्चीवरून उठून आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. "मी पहिल्या महिन्यात चार वेळा पडले होते," ती म्हणाली. "एकदा लसींसकट. तुम्हाला सांगितलं नव्हतं." तीस वर्षांत मला ते ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यावर मी उठलो.

गाडीची निवड मात्र मी एकट्याने, गुपचूप करत होतो. त्यासाठी एक वही केली होती. जुन्या सवयीने रकाने आखले: आसनाची उंची, वजन, जमिनीपासून इंजिनाच्या पोटापर्यंतचे अंतर. प्रत्येक गाडीपुढे सुवाच्य अक्षरात आकडे भरले. माझ्या स्वतःच्या पायाची लांबी शिवणाच्या टेपने मोजली. आणि मग मी ती गोष्ट करू लागलो, जिच्याबद्दल मला अजूनही थोडी लाज वाटते. प्रभाचा पाय किती उंच उठतो हे मी चोरून मोजू लागलो. न्हाणीघराचा उंबरा ती सहज ओलांडे. एसटीच्या पहिल्या पायरीशी ती दांडा धरून क्षणभर थांबे. देवळाच्या शेवटच्या, उंच पायरीला माझा खांदा धरी. मी घरी येऊन त्या त्या ठिकाणाची उंची वहीत लिही. एके दिवशी ती रिक्षात चढत असताना माझी नजर तिच्या पावलावर खिळलेली तिने पकडली.

"माझ्या पायाकडे काय एवढं पाहताय? या वयात?"

रिक्षावाला आरशात हसला. मी दुसरीकडे पाहू लागलो.

वहीचा निष्कर्ष वाईट निघाला. ज्या गाडीवर प्रभा चढू शकेल, तिचे पोट पऱ्ह्यातल्या दगडांना लागणार होते. जी गाडी पऱ्ह्या ओलांडेल, तिचे आसन प्रभाच्या कमरेच्याही वर येत होते. एक दणकट, प्रवासी गाडी मध्यम उंचीची होती, पण तिचे वजन मला चढावर सावरले नसते. मी वही तीनदा तपासली. आकड्यांत चूक नव्हती.

अशा निराशेत असताना नागावच्या एका बंगल्यावरची गाडी पाहायचा योग आला. मालक मुंबईला असत. नारळांच्या रांगांमधून आत गेल्यावर शेडमध्ये ती उभी होती: बुटकी, हलकी, हिरवी, नाकतोड्यासारखी चपळ. राखणदाराने आग्रह केला म्हणून मी बसलो. दोन्ही पाय सपाट टेकले! त्या क्षणी झालेला आनंद मी लपवू शकलो नाही. वाळलेल्या झावळ्यांवरून, वाफ्यांच्या कडेने एक फेरी मारली. गाडी जणू माझ्या मनातले ओळखून वळत होती. मग माझ्या लक्षात आले, की तिला आरसे नाहीत, इंडिकेटर नाहीत, पाटीही नाही.

"हिचा नंबर?"

"हिला नंबर न्हाय मिळत, साहेब. ही नुसती मातीतली. रस्त्यावर न्यायला बंदी हाय. पण गावात कोण बघतोय? टेम्पोत टाका न् न्या."

मी खरोखर विचार केला. न्यायालयात आयुष्य काढलेल्या माणसाने, नारळांच्या सावलीत उभे राहून, टेम्पोचा विचार केला. साकवापर्यंत टेम्पो, पुढे ही. कोण पाहणार होते? मी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मागच्या बाजूला थबकलो. आसन एकाच माणसाचे होते. मागे बसणाऱ्याच्या पायांसाठी काही नव्हते, हातांसाठी काही नव्हते. फार वर्षांपूर्वी एका अपघाताच्या खटल्यात मी वाहनांच्या नियमांचा अनुवाद केला होता. रस्त्यावर येणाऱ्या दुचाकीला मागे बसणाऱ्याच्या हातासाठी धरणी हवी, पायासाठी आधार हवा आणि त्याचे वस्त्र चाकात जाऊ नये म्हणून चाकाला आडोसा हवा. तेव्हा ती तीन रूक्ष वाक्ये होती. त्या दुपारी वाटले, की हा नियम लिहिणाऱ्याला मागे कोणाला तरी बसवून न्यायचे असले पाहिजे. मी राखणदाराचे आभार मानले आणि चालत मुख्य रस्त्यावर आलो.

घरी आलो तेव्हा प्रभा ओट्यावर बसून वालाचे बी पाखडत होती. सदूला पेरणीसाठी पाठवायचे होते. मी पायरीवर बसलो. वही पिशवीतून काढली आणि पुन्हा आत ठेवली. मग, जणू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असल्यासारखे, विचारले:

"प्रभा, तुला गाडीवर किती उंच चढता येईल?"

सूप थांबले. "कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"जमिनीवरून, का ओट्यावरून?"

ती हसली नाही. अगदी समजूतदारपणे, लस देताना आईला धीर देत असे तशा आवाजात म्हणाली, "आमच्याकडे म्हाताऱ्या बैलगाडीत कशा चढायच्या? गाडी गडग्याला लावायची आणि गडग्यावरून पाय टाकायचा. जमिनीवरून कोण चढतंय? दोन महिने टेप घेऊन हिंडताय. विचारायचं ना मला."

गडगा म्हणजे आमच्याकडची दगडांची, मातीचुन्याशिवाय रचलेली बुटकी कुंपणभिंत. अशा शेकडो गडग्यांमधून मी आयुष्यभर गेलो होतो. माझ्या वहीतला प्रत्येक आकडा बरोबर होता आणि सगळे चुकीच्या ठिकाणाहून मोजलेले होते.

दोन दिवसांनी शोरूमची उंच गाडी चाचणीसाठी आमच्या दारात आली. नझीरभाई स्वतः घेऊन आले होते, कारण मी एकटा आत शिरणार नाही याची त्यांना खात्री होती. मी चढलो. एकाच पायाची बोटे जमिनीला लागली.

"नझीरभाई, पाय पुरत नाही."

"एक पाय टेकतोय ना, साहेब? बस झालं. दोन पाय टेकून तर म्हैसपण उभी राहत नाय, तिला चार लागतात. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

मी गाडी ओट्याला लावली. प्रभा ओट्याच्या कडेला आली. तिथून ते भयंकर उंच आसन तिच्या गुडघ्याच्या जरा खाली होते. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, उंबरा ओलांडावा तसा पाय पलीकडे टाकला आणि बसली. मग खाली वाकून चाकाजवळची जाळी पाहिली. "हे काय?"

"साडी अडकू नये म्हणून. कायदा आहे."

"बरा आहे कायदा," ती म्हणाली. "चला."

गाडी आम्ही घेतली आणि परवान्याची परीक्षा मी दिवाळीनंतर दिली. गाडीने आठचा आकडा काढताना समोर रांगेत वीस-बावीस तरुण उभे होते आणि मी फक्त एक गोष्ट मनात धरली: माळाच्या कडेची खुर्ची.

त्या पौषात आम्ही सकाळी निघालो. थंडी होती. रेवदंड्याच्या बागांतून धुक्याच्या पट्ट्या रस्त्यावर येत आणि त्यांत सुपारीचा ओला वास असे. साळावच्या पुलावर खाडीचा वारा आडवा लागला आणि प्रभाची पकड किंचित घट्ट झाली. थांबताना मी मोरीचे कठडे शोधत होतो, देवळांचे पार शोधत होतो. त्या दिवसापासून रस्ता मला निराळा दिसू लागला. आधी मी झाडे पाही, आता उंचवटे पाहतो. काशीदच्या अलीकडे एका पाराशी चहाला थांबलो, तेव्हा एक बाई धावत आली.

"नर्सबाई! तुम्ही आज मागं?"

"आज ड्रायव्हरला रजा हाय," प्रभा म्हणाली.

आगरदांड्याच्या धक्क्यावर भरती होती. दिघीला जाणारी बोट उतरत्या फरशीला टेकली होती आणि फरशीच्या कडेला हिरवे शेवाळ चमकत होते. प्रभा कठड्यापाशी उतरली आणि चालत पुढे गेली. मी एकटा गाडी बोटीवर चढवली. ते दहा-बारा पावलांचे अंतर मी श्वास रोखून पार केले. बोटीवर ती माझ्याशेजारी उभी राहिली. पाण्यावर ऊन पडले होते आणि बगळे खांबांवर बसले होते.

साकवाशी डांबर संपले. चढ मी पहिल्या गिअरमध्ये चढलो. चाकांखाली जांभा करकरत होता. पऱ्ह्यात उतरताना गोल दगडांवर पुढचे चाक इकडेतिकडे झाले, पण ते मोठे चाक दगडांवरून जात राहिले, पोटाला काही लागले नाही. मला थोडा गर्व झाला असावा. कारण पुढच्याच वळणावर, बांधाशेजारच्या पट्टीत, गाडी बंद पडली. उतार उजवीकडे होता. मी उजवा पाय टाकला आणि पायाखाली जमीनच लागली नाही. गाडी कलू लागली. माळावरचे गवत आठवले. त्या दिवशी मी एकटा पडलो होतो. या वेळी मागे ते दोन नवे गुडघे होते.

"डावीकडे," मागून प्रभा म्हणाली. तिचा आवाज जराही वाढला नव्हता. "डावीकडे बांध आहे. पाय बांधावर टाका."

मी अंग डावीकडे झोकले. पाय बांधावर पूर्ण, सपाट टेकला. गाडी स्थिर झाली. बांधावरचे दव बुटात झिरपले. माझ्या लक्षात आले, की मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही ही माझी तीस वर्षांची समजूत होती. तिला सगळा रस्ता दिसत होता.

सदूच्या खळ्यावर पोचलो तेव्हा तो काटक्या रचत होता. तो उठून उभाच राहिला.

"दाजी? फुडं दाजी? आरं, बाय मागं बसलीया!"

"बघत काय राहिलास? जागा दाखव," प्रभा म्हणाली.

सदूने खळ्याच्या कडेला बोट दाखवले. तिथे एक गडगा होता. दोन हात लांब, गुडघ्याएवढा उंच, वरचे दगड निवडून सपाट बसवलेले. तो कोणत्याही शेताचे कुंपण नव्हता. एकटाच, कशालाही न जोडलेला उभा होता. मी गाडी त्याला लावली. प्रभाने माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यावर पाय टाकला आणि माहेरच्या जमिनीवर उतरली.

मडके उपडे घातल्यावर, जाळ चढत असताना, मी सदूला विचारले, "हा गडगा आधी नव्हता?"

"न्हाय. बायनं फोनवर सांगितलं, दोन हात लांब नि गुडघ्याएवढा गडगा रच. मी इचारलं, कशाला? त बोलली, माझा बंगला."

"कधी सांगितलं?"

तो आठवू लागला. "भात कापायच्या आधी. गणपती हून आठवडा झाला आसंल. बोलली, दाजींनी आज बादली आणलीया."

मी गडग्याकडे पाहिले. त्याच्या दगडांच्या फटींतून वालाचा वेल वर चढला होता आणि त्याला शेंगाही धरल्या होत्या. पहिल्या बादलीला रचलेला गडगा! तेव्हा मला क्लच म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. वहीचे पहिले पान कोरे होते. पुढचे दोन महिने मी टेप घेऊन उंबरे मोजत हिंडलो आणि ती रोज मला ते करताना पाहत, माझ्या विचारण्याची वाट पाहत राहिली.

प्रभाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. चर्र झाले. सदूने पाल्यावर पोपटी ओतली, वाफेबरोबर तो कापरासारखा वास सगळ्या खळ्यावर पसरला, आणि ती गडग्यावर बसून, बोटे झटकत, पहिली शेंग सोलू लागली.

हे मागच्या पौषातले. परवा पुन्हा सदूचा फोन आला. शेंगा भरल्यात, कधी येता? आणि आणखी एक विचारायचे होते. गडग्यावर औंदा वेल लईच माजलाय, दगड दिसत न्हायत. उपटून टाकू का?

"असू दे," प्रभा म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले. "अहो, दिसेल ना तुम्हाला?"

मी म्हणालो, "नाही दिसला तर तुला विचारेन."

गाडी आत्ता ओट्याला लागून उभी आहे. न्हाणीघरात तिन्ही बादल्या भरलेल्या आहेत; निघण्यापूर्वी चाकांवरची कालची माती धुवायची आहे.